वंशावळीत न मावणारा इतिहास

घराण्याचा इतिहास लिहावयास घेतला की प्रथम वंशावळ मांडली जाते. तीत पिता, आजोबा, पणजोबा यांची नावे सापडतात. आई व आजी मात्र 'अमक्यांची पत्नी' एवढ्यावरच राहतात. माहेरचे नाव तर दोन पिढ्यांत विस्मृतीत जाते.

या दृष्टीने लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मननीय आहेत. माहेरच्या मनकर्णिका गोखले कवी नारायण वामन टिळकांशी विवाह होऊन लक्ष्मीबाई झाल्या. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. १८९५ साली पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ताटातूट सोसून, पुढे स्वतः विचार करून १९०० साली त्यांनीही तो स्वीकारला.

पुत्र देवदत्त यांना पित्याचे चरित्र लिहावयाचे होते, म्हणून त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. त्यांतून साकारले ते आईचेच जीवन. १८५७ मध्ये तिच्या आजोबांना फाशी झाली, त्यानंतर वडिलांना सोवळ्याचे वेड लागले आणि घरात मीठ-साखरही धुतली जाऊ लागली. बंडाचा असा घरगुती परिणाम कोणत्या बखरीत सापडेल?

पहिला भाग १९३४ साली निघाला. १९३६ साली लक्ष्मीबाई निवर्तल्या. पुढे नातू अशोक यांनी संपूर्ण आवृत्ती संपादिली. पुत्राने विचारले, नातवाने जपले, म्हणून ते जीवन उरले.

आम्हा व्यापाऱ्यांच्या चोपड्यांत पै-पैचा जमाखर्च असतो. ज्या माउलीने घर सांभाळले तिची नोंद नसते. वाचकहो, घरातील वडीलधाऱ्या स्त्रीजवळ बसावे, तिचे माहेरचे नाव विचारावे आणि त्याच दिवशी लिहून ठेवावे.