बाळागोळी

बऱ्हाणपूरजवळच्या दापोऱ्याहून उत्तरेकडे निघालं, की सातपुडा आणि नर्मदा ओलांडून माळवा लागतो. खसखशीच्या हिरव्या बोंडांना चिरे द्यायचे, रात्रभर चीक पाझरू द्यायचा आणि सकाळी तो खरवडून घ्यायचा, हे काम मंदसौर-नीमचच्या परवान्याच्या शेतांत आजही चालतं. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि इंग्रज सरकार त्यावर बक्कळ कर वसूल करी.

पण अफू नुसती बोटीत चढत नव्हती. ती घराघरांत होती, तान्ह्या मुलांच्या तोंडातही. मुंबईच्या गिरणगावात तिला बाळागोळी म्हणत. १९२२ साली डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाईंनी गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा शंभरांतल्या ९८ बाळांना अफू दिली जात असल्याचं आढळलं. आया अडाणी म्हणून हे घडत होतं, असं म्हणणं सोपं आहे. पण गिरणीतल्या बायकांचा दिवस तेव्हा कायद्यानंच अकरा तासांपर्यंतचा असू शकत होता. एवढा वेळ बाळ रडू नये, एवढंच आईला हवं होतं.

गोळी दिली, की बाळ निपचित पडे. आत काय घडत होतं, ते कळायला अर्धं शतक जावं लागलं. १९७३ मध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत अफूचे रेणू जिथे चिकटतात ते ग्राही शोधले. १९९१ मध्ये श्वासाचा ताल धरणारा पेशींचा छोटा पुंजका मेंदूच्या देठात सापडला, आणि त्या पेशींवरही हे ग्राही निघाले. अफू तिथे चिकटली, की ताल मंदावतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला, की एरवी मेंदू श्वास वाढवायला लावतो. अफूनं तो इशाराही बोथट होतो. हे ग्राहीच नसलेल्या उंदरांना अफूतलं मॉर्फिन टोचलं, तर त्यांचा श्वास जवळजवळ मंदावत नाही. तान्ह्या बाळाचं श्वासाचं तंत्र मुळातच कच्चं, त्यामुळे गोळी जराशी मोठी झाली, तरी झोप आणि गुदमरणं यांतलं अंतर उरत नसे.

नालोक्सोन नावाचं औषध अफूला त्या जागेवरून हुसकावतं. गिरणगावच्या पाळण्यांपाशी ते नव्हतं. तिथे हवी होती ती बाळाला सांभाळणारी माणसं. पन्नासांहून जास्त बायका कामाला असतील तिथे पाळणाघर हवंच, हा नियम १९४८ च्या कारखाना कायद्यानं देशभर घातला.