ऐकणाऱ्याचा पैसा, गाणाऱ्याचा वाटा

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते आणि रात्री दंडार, खडी गंमत ही लोकनाट्ये उभी राहतात. शाहिराची बिदागी ठरलेली असते. खेळ संपला की हिशेब मिटतो. तेच गाणे ध्वनिमुद्रित होऊन मोबाइलवर वाजू लागले, तर हिशेब तिथून पुढे सुरू होतो. त्या हिशेबाचा अभ्यास हे आपले क्षेत्र. कायदा, अर्थशास्त्र, लोकसाहित्य, कोणत्याही वाटेने आलेल्या वाचकाचे इथे स्वागत आहे.

एका गाण्यात अनेकांचे हक्क असतात. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, ध्वनिमुद्रण निर्मात्याचे. शिवाय गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा स्वतंत्र हक्क, जो 50 वर्षे टिकतो. 1977 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने चित्रपटगीतांत निर्मात्याचे पारडे जड केले. 2012 च्या दुरुस्तीने ते बदलले : गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा आता कराराने कंपनीला सोडून देता येत नाही. हा वाटा गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था 1969 पासूनची आहे.

स्ट्रीमिंगने नवा पेच आणला. एका ऐकण्याला ठरावीक दर नसतो. वर्गणी आणि जाहिरातींचे महिन्याचे उत्पन्न एकत्र करून त्यातला मोठा भाग एकूण ऐकण्यांच्या प्रमाणात वाटला जातो. म्हणजे लाखांदूरच्या एखाद्या श्रोत्याने महिनाभर फक्त खडी गंमत ऐकली, तरी त्याच्या वर्गणीतला बराच पैसा त्याने कधीच न ऐकलेल्या लोकप्रिय गाण्यांकडे जातो. स्पॉटिफायने तर 2024 पासून बारा महिन्यांत 1000 वेळा न ऐकलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी देणेच थांबवले. भंडाऱ्याकडच्या झाडीबोलीसारख्या छोट्या श्रोतृवर्गाच्या बोलीवर हा अन्यायच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरी रीत शक्य आहे : साउंडक्लाउडने 2021 मध्ये श्रोत्याचा पैसा त्याने ऐकलेल्याच कलावंतांना देण्याची पद्धत सुरू केली.

सर्वांत अवघड प्रश्न लोकगीतांचा. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या गाण्यावर कोणा एकाची मालकी नाही. पण शाहिराने स्वतः रचलेले गाणे त्याचे असते, त्याच्या मृत्यूनंतरही 60 वर्षे त्याच्या वारसांचे. आणि हक्काचे हस्तांतर लेखी नसेल तर कायदा ते मानत नाही. कोणी खेळाचे चित्रण करून ते इंटरनेटवर चढवले, एवढ्याने शब्द-चाल त्याची होत नाही. ही गोष्ट प्रत्येक शाहिराच्या घरी पोचायला हवी.

मात्र गाणे कोणाचे हे सिद्ध करायला नोंद लागते. म्हणून लोकसाहित्याच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे : येत्या मंडईत ध्वनिमुद्रण करण्याआधी शाहिराची संमती घ्या आणि प्रत्येक गाण्यापुढे कवी, चाल देणारा, गायक आणि ढोलकीवाला यांची नावे तारखेसह लिहून ठेवा.