विद्युत वितरणातील दोष-विलगीकरण व पुरवठा-पुनःस्थापन, स्वयंचलित

उपकेंद्रापासून ग्राहकापर्यंत जाणाऱ्या वितरण वाहिनीवर बिघाड झाल्यास त्याची जागा ओळखणारी, तेवढाच तुकडा दोन्ही बाजूंनी तोडून वेगळा काढणारी आणि उरलेल्या वाहिनीला शक्य त्या मार्गाने पुन्हा वीज देणारी यंत्रणा. ही तिन्ही कामे माणूस जागेवर न जाता होतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून अभियंते तिला ‘फ्लिसर’ म्हणतात. या यंत्रणेने तुटलेली तार जोडली जात नाही की जळालेल्या केबलचा जॉइंट बसत नाही. दुरुस्तीला लागायचा तो वेळ लागतोच. मात्र दुरुस्ती होईपर्यंत अंधारात राहणाऱ्यांची संख्या तिच्यामुळे घटते. दुरुस्ती आणि पुरवठा या दोन गोष्टींची फारकत करणे हे तिचे खरे काम. ती फारकत कुठवर साधेल, हे उपकरणांच्या हुशारीपेक्षा वाहिन्यांच्या जाळ्याची रचना कशी आहे यावर ठरते.

या कामामागचा तर्क यंत्रांपेक्षा जुना आहे. महाराष्ट्रातील मध्यम दाबाच्या ११, २२ किंवा ३३ किलोव्होल्टच्या वाहिनीवर फीडर ट्रिप झाला की उपकेंद्रातील ऑपरेटर तो एकदा चार्ज करून पाहतो. पुन्हा ट्रिप झाला तर लाइनमन पेट्रोलिंगला निघतो. तारेवर पडलेली फांदी, तडकलेला इन्सुलेटर, सुटलेला जंपर असे काही नजरेस पडले नाही, तर तो मधला एबी स्विच उघडतो आणि फीडर चार्ज करायला उपकेंद्राला फोन करतो. फीडर टिकला तर दोष स्विचच्या पुढे, नाही टिकला तर अलीकडे. असे तुकडे पाडत दोष सापडतो. पावसाळी रात्री यात तास जातात. जपानमध्ये रूढ झालेल्या व्होल्टेज-वेळ पद्धतीत हाच तर्क स्विचमध्ये बसवलेला असतो. वीज गेली की वाहिनीवरचे सर्व स्विच आपोआप उघडतात. उपकेंद्रातील ब्रेकर पुन्हा लागला की पहिल्या स्विचला वीज दिसते. तो ठरावीक सेकंद थांबून बंद होतो, मग दुसरा, मग तिसरा. जो स्विच बंद होताच ब्रेकर पुन्हा ट्रिप होतो, तो दोषाच्या तोंडाशी आहे हे उघड होते आणि तो स्वतःला उघड्या स्थितीत कुलूपबंद करतो. क्षणभरच वीज पाहिलेला त्याच्या पुढचा स्विचही तसेच करतो. दोष दोन्हीकडून कोंडला गेल्यावर अलीकडच्या भागाला उपकेंद्रातून आणि पलीकडच्या भागाला दुसऱ्या फीडरशी जोडणाऱ्या टाय स्विचमधून वीज मिळते. यात दळणवळणाची गरज लागत नाही. पण दोषावर दुसऱ्यांदा वीज सोडावी लागते. केंद्रीय पद्धतीत हे टळते. दोषप्रवाह कुठपर्यंत गेला हे वाहिनीवरचे दोषदर्शक आणि रिंग मेन युनिट ‘स्काडा’ या संगणकीय दूरनियंत्रण यंत्रणेला कळवतात. शेजारच्या फीडरवर किती भार आहे, तो आणखी किती पेलेल, याचा हिशेब संगणक करतो आणि मगच स्विच हलवतो.

रचनेचे महत्त्व एका गणितातून स्पष्ट होते. एका फीडरवर ३,००० ग्राहक चार समान तुकड्यांत आहेत, दोष दुसऱ्या तुकड्यात आहे आणि दुरुस्तीला ३ तास लागतात, असे धरू. काहीच न केल्यास ५,४०,००० ग्राहक-मिनिटे वीज जाते. टाय उपलब्ध असेल आणि लाइनमनने तासाभरात दोष वेगळा काढला, तर दोषी तुकड्यातील ७५० ग्राहक ३ तास व बाकीचे २,२५० ग्राहक १ तास अंधारात राहतात. बेरीज २,७०,००० ग्राहक-मिनिटे. हेच काम यंत्रणेने एका मिनिटात केले तर बेरीज १,३७,२५० वर येते. आता टाय नाही, पण स्वयंचलन आहे असे समजू. तेव्हा फक्त पहिला तुकडा मिनिटात सुरू होतो. दोषाच्या पलीकडचे दोन्ही तुकडे धडधाकट असूनही दुरुस्तीची वाट पाहतात आणि बेरीज ४,०५,७५० होते. म्हणजे पर्यायी मार्ग असलेल्या जाळ्यात हाताने केलेले काम, पर्यायी मार्ग नसलेल्या जाळ्यातील स्वयंचलनाला मागे टाकते. स्वयंचलन जाळ्याची क्षमता वेगाने वापरते. जाळ्यात नसलेली क्षमता ते निर्माण करत नाही.

प्रत्यक्ष अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने पाच वीज कंपन्यांच्या अनुभवावर २०१४ साली दिलेल्या अहवालानुसार, या यंत्रणेमुळे एका घटनेत वीज गेलेल्या ग्राहकांची संख्या ४५ टक्क्यांपर्यंत आणि ग्राहक-मिनिटे ५१ टक्क्यांपर्यंत घटली. ही घट मोठी आहे, पण अनुकूल स्थितीतही जवळपास निम्मी ग्राहक-मिनिटे उरतात. दुरुस्तीचा वेळ आणि वाट नसलेले तुकडे यांची ती किंमत असते. टेनेसी राज्यातील चॅटनूगा शहराच्या ईपीबी या नागरी वीजसंस्थेचे उदाहरण नेहमी दिले जाते. केंद्र सरकारच्या सुमारे ११ कोटी डॉलरच्या साहाय्याने तिने जवळपास १,२०० स्वयंचलित स्विच बसवले. त्या स्विचांमागे शहरभर टाकलेले फायबरचे जाळे आणि लहान तुकड्यांत विभागलेल्या, एकमेकींशी जोडता येणाऱ्या वाहिन्या होत्या, हे विसरून नुसती स्विचची संख्या मोजली तर त्या यशाचा चुकीचा अर्थ निघतो.

पहिला आक्षेप असा, की मोठ्या संकटात ही यंत्रणा उपयोगी पडत नाही. तो खरा आहे आणि तिची मर्यादा नेमकी सांगतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई अंधारात गेली ती पारेषणातील बिघाडामुळे. वरून वीजच येत नसेल तर वितरणातले स्विच ती कुठून आणणार? ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यात हजारो खांब कोसळले, तेव्हा पर्यायी वाहिनीही शाबूत नव्हती. परंतु ग्राहकाला वर्षभर भोवतात ते सुटे, स्थानिक बिघाड. त्यांच्यासाठी ही यंत्रणा आहे आणि तिचे मोल त्यांवरूनच ठरवले पाहिजे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा असून तो अधिक गंभीर आहे. कोरड्या जमिनीवर पडलेल्या तारेतून इतका कमी प्रवाह वाहतो की रिलेला तो नेहमीचा भार वाटतो. अशा तारेवर आपोआप पुन्हा वीज सोडणे जीवघेणे ठरते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ रोजी लागलेल्या वणव्यांपैकी किलमोर ईस्टचा वणवा वीजवाहिनीच्या तुटलेल्या तारेतून पेटला. त्यात ११९ जणांचा बळी गेला. चौकशी आयोगाने नंतर एकतारी ग्रामीण वाहिन्यांवरील पुनर्जोडणी वणव्याच्या सर्वाधिक धोक्याच्या आठवड्यांत बंद ठेवण्याची शिफारस केली. परमिट घेऊन वाहिनीवर चढलेल्या लाइनमनचा प्रश्नही तितकाच कळीचा आहे: दुसऱ्या बाजूने आपोआप वीज आली तर त्याचा जीव जाईल. म्हणून परमिट दिलेल्या वाहिनीवर स्वयंचलन कुलूपबंद ठेवणे आणि कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करणे यांत कसलीही सूट देता येत नाही. हा आक्षेप यंत्रणा नाकारायला पुरत नाही. ती कधी थांबवायची हे आधीच ठरवून ठेवायला मात्र भाग पाडतो.

तिसरा आक्षेप परक्या हातांचा. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील तीन वितरण कंपन्यांच्या नियंत्रण यंत्रणेत घुसून हल्लेखोरांनी दुरून ब्रेकर उघडले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. काही तासांतच ती परत आली, कारण कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांत जाऊन हाताने ब्रेकर लावले. यावरून दूरनियंत्रण टाळावे असे ठरत नाही. हाताने वाहिनी चालवता येणारी माणसे आणि तसे चालणारे स्विच यांना पर्याय नाही, हे ठरते. स्वयंचलन आले म्हणून लाइनमनची पदे रिकामी ठेवणे हे या दृष्टीने घातक धोरण आहे.

यशाचे मोजमापही काळजीने करावे लागते. आयईईई १३६६ या मानकानुसार ५ मिनिटांपर्यंतचा खंड ‘क्षणिक’ समजतात आणि तो सैफी (ग्राहकामागे खंडांची सरासरी संख्या) व सैडी (ग्राहकामागे खंडांचा सरासरी कालावधी) या निर्देशांकांत धरत नाहीत. पुरवठा मिनिटात परत आला तर कागदावर घटना घडलीच नाही असे दिसते. पण कारखान्यातील यंत्र बंद पडून माल वाया गेलेलाच असतो. म्हणून क्षणिक खंडांची वेगळी मोजणी प्रसिद्ध करणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे.

भारतात २००८ च्या पुनर्रचित वीजविकास कार्यक्रमाने ४ लाखांहून अधिक लोकसंख्या आणि वार्षिक ३५ कोटी युनिट वीज लागणाऱ्या शहरांत स्काडा आणण्याचे ठरवले. दाट शहरांत फीडर शेजारीशेजारी असतात, त्यामुळे ही निवड समजण्यासारखी होती. लांबच लांब, एकेरी ग्रामीण फीडरवर मात्र शहराची नक्कल उपयोगाची नाही. तिथे आधी शाखेच्या तोंडाशी सेक्शनलायझर आणि दोषदर्शक हवेत, जेणेकरून एका शेतातला बिघाड साऱ्या गावठाणाला अंधारात ढकलणार नाही; मग शेजारच्या फीडरशी जोडणी आणि ती पेलेल अशी जाड तार; संगणकीय निर्णययंत्रणा त्यानंतर. हा क्रम उलटा केला तर महागडी उपकरणे जोडायला वाहिनी नसलेल्या ठिकाणी उभी राहतील आणि ग्राहक पूर्वीइतकाच काळ दुरुस्तीची वाट पाहील.