लोहचुंबक, साबणाचा चुलतभाऊ आणि आपलं विद्यापीठ

मंडळी, पंचगंगेच्या प्रदूषणावर आपण दरवर्षी तावातावानं लिहितो. साखर कारखाने, गावांचं सांडपाणी, इचलकरंजीची प्रोसेस हाऊसेस, सगळ्यांची नावं घेऊन झाली. पण मुळात घाण कमी कशी तयार होईल, यावर इथंच शिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात वर्षानुवर्षं काम झालंय. त्याचं नाव गावात कोण काढतं?

जरा मागून सांगतो. औषधं बनवताना माल थोडा आणि कचरा ढीगभर निघतो. १९९२ मध्ये रॉजर शेल्डन या रसायनतज्ज्ञानं हिशेबच मांडला: एक किलो औषधामागं २५ ते १०० किलो कचरा. त्यातला मोठा वाटा सॉल्व्हंटचा, म्हणजे टोल्युइन, डायक्लोरोमिथेन असल्या द्रवांचा. १९९८ मध्ये अनास्तास आणि वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं मांडली.

मग सरळ पाणीच का वापरत नाहीत? कारण सेंद्रिय पदार्थ पाण्यात सहसा विरघळत नाहीत. तिथं कामाला येतो हायड्रोट्रोप. हा साबणाचा चुलतभाऊ, फक्त रेणू आखूड. १९१६ मध्ये जर्मनीत कार्ल न्यूबर्गनं हे नाव दिलं. आजही लिक्विड डिटर्जंटमध्ये तो असतोच. पाण्यात भरपूर घातला की न विरघळणारा पदार्थ विरघळतो, आणि वरून साधं पाणी ओतलं की माल परत खाली बसतो. १९८० च्या दशकात मुंबईच्या यूडीसीटीत एम. एम. शर्मा आणि व्ही. जी. गायकर यांनी मिश्रणं वेगळी करायला याचा वापर केला. पुढं आपल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी हायड्रोट्रोपच्या पाण्यातच थेट रासायनिक अभिक्रिया करून दाखवल्या.

दुसरी भानगड उत्प्रेरकाची. तो जितका बारीक तितका कामाचा, पण नॅनो आकाराची पूड गाळणीत अडकत नाही. उपाय आपल्या ओळखीचा आहे बघा. शिरोलीच्या फौंड्रीत वाळूतून लोखंडाचे कण कशानं काढतात? लोहचुंबकानं! इथंही तेच. लोखंडाचे दोन क्षार १:२ प्रमाणात घेऊन त्यात अमोनिया घालायचा, काळीभोर पूड तयार होते. तिच्यावर सिलिकाचं कवच, कवचावर उत्प्रेरक. काम झालं की फ्लास्कला बाहेरून चुंबक लावायचा. पूड भिंतीला चिकटते, द्रव ओतून घ्यायचा. धुऊन, वाळवून पूड पुन्हा वापरायला तयार. पाच-सहा वेळा तरी चालते असं शोधनिबंध सांगतात.

आता खटकणारी गोष्टही बोलतो. ही पूड धुवायला इथेनॉल नाहीतर इथाइल ॲसिटेट लागतं, आणि जगभरच्या कित्येक निबंधांत त्याचा हिशेबच नसतो. अभिक्रिया पाण्यात आणि धुणं सॉल्व्हंटमध्ये, मग हिरवं किती उरलं? शिवाय पातळ झालेलं हायड्रोट्रोपचं पाणी परत वापरायचं तर ते आटवावं लागतं, म्हणजे इंधन आलंच.

याची उत्तरं पन्नास मिलीच्या फ्लास्कमध्ये मिळत नाहीत, त्याला किलोभर मालाची चाचणी लागते. इथं एम.एस्सी. झालेली आपली पोरंपोरी लोटे, कुरकुंभच्या केमिकल कंपन्यांत जातात, तिथं रिॲक्टर टनावारी मालाचे असतात. त्या दोन्हींच्या मधला एखादा छोटा प्लांट विद्यापीठ आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीनं मिळून उभा करायला काय हरकत आहे? पुढच्या वेळी आमदार-खासदार पंचगंगेवर भाषणाला उभे राहिले की एवढं तेवढं विचारा.