आधी मंडळी जमली, पुरावा नंतर आला

पावसाळा सरता सरता सह्याद्रीच्या उतारांवर खाजकुइलीचा वेल झाडाझुडपांवर चढून बसतो. काळपट जांभळ्या फुलांचे घोस लोंबतात, मग शेंगा धरतात आणि शेंगांवर सोनेरी लव येते. ती लव अंगाला लागली की माणूस दिवसभर खाजवत बसतो, म्हणून गुरं राखणारी पोरं या वेलाच्या वाटेला जात नाहीत. ज्या मोसे खोऱ्यात आज लवासा हे आखून वसवलेलं गाव उभं आहे, तो मुलूखही याच डोंगररांगेतला. तिथल्या बंगल्यांत आणि सदनिकांत उतारवयातली जी माणसं राहायला आली, त्यांच्यापैकी एखाद्याच्या हाताला कंपवाताने, म्हणजे पार्किन्सनच्या आजाराने, कंप सुटला तर डॉक्टर जी गोळी लिहून देतील, तिच्यातलं मुख्य द्रव्य खाजकुइलीच्या बीमध्ये निसर्गतःच असतं. त्याचं नाव लेव्होडोपा.

हे द्रव्य खाजकुइलीच्या बियांतून १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी वेगळं काढलं. त्याचा कंपवाताशी काही संबंध असेल, हे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं. स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसनने १९५७ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांतून लेव्होडोपापासून मेंदूत तयार होणाऱ्या डोपामिनचं महत्त्व दाखवलं आणि पुढे त्यासाठी त्याला नोबेल मिळालं. न्यूयॉर्कच्या जॉर्ज कोट्झियासने १९६० च्या दशकाच्या अखेरीस लेव्होडोपाचे मोठे डोस हळूहळू वाढवत दिले, तेव्हा कुठे खिळून बसलेली माणसं उठून चालू लागली. आयुर्वेदाला कंपवात आणि कवचबीज (खाजकुइलीचं बी) दोन्ही ठाऊक होते, त्यामुळे मुंबईतल्या संशोधकांनी मागे वळून त्या बीकडे पाहिलं यात नवल नाही. डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांना खाजकुइली देऊन पाहिली आणि त्याचे निष्कर्ष १९७८ साली छापले. मग याच बीपासून एचपी-२०० नावाची पूड तयार झाली. ६० रुग्णांवर १२ आठवडे चाललेली तिची चाचणी १९९५ साली प्रसिद्ध झाली आणि 'झंडू'ने ती पूड बाजारातही आणली. लंडनमध्ये २००४ साली आठच रुग्णांवर केलेल्या एका प्रयोगात या बीचा असर नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झालेला दिसला. अर्थात डोंगरातली शेंग आणून घरी कुटायची ही गोष्ट नव्हे. बीमध्ये द्रव्य किती असेल याचा नेम नसतो, आणि चालू गोळ्यांमध्ये ती भर पडली तर हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात.

गोळी लागू झाली की हालचाल परत येते, पण काही तासांपुरती. आजार जुना होत जातो तसे हे तास तुटक होतात. गोळीचा असर चढायची वाट पाहायची, तो उतरायच्या आत अंघोळ, जेवण, फिरणं उरकायचं, अशी घरातल्या घड्याळाची नवी मांडणी होते. या हाताशी आलेल्या तासांचं माणसाने काय करायचं, याचं उत्तर वैद्यकाने गेल्या दोनशे वर्षांत अनेकदा बदललं आहे.

जेम्स पार्किन्सन हा लंडनच्या हॉक्स्टन भागातला डॉक्टर. १८१७ साली त्याने या आजारावर जो निबंध लिहिला त्यात रुग्ण फक्त सहा, आणि त्यातले तिघे तर त्याने रस्त्यात किंवा लांबूनच पाहिलेले. म्हणजे आधुनिक वैद्यकात या आजाराची पहिली सविस्तर नोंद झाली ती रस्त्यावर माणसं कशी चालतात हे निरखून. उपाय म्हणून मात्र त्याच्याकडे मानेतून रक्त काढणं आणि कातडीवर फोड आणणं यापलीकडे फारसं काही नव्हतं. पुढे पॅरिसमध्ये मज्जाविकारतज्ज्ञ शार्कोने आजाराला पार्किन्सनचं नाव दिलं. आगगाडीच्या किंवा घोडागाडीच्या लांबच्या प्रवासानंतर आपल्याला बरं वाटतं, असं काही रुग्णांनी त्याला सांगितलं होतं, म्हणून त्याने १८९२ साली थरथरणारी खुर्ची करवून घेतली. कल्पना गमतीची वाटते, पण शार्कोने रुग्णाचं म्हणणं मनावर घेतलं हे विसरू नये. त्याच काळातला इंग्लंडचा मोठा मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स याचा सल्ला उलट दिशेचा होता: आयुष्य शांत आणि नियमित ठेवा, कामाची दगदग आणि काळजी होईल तितकी टाळा.

गॉवर्सचं नाव न ऐकलेली मराठी घरंही पिढ्यानपिढ्या हेच सांगत आली. "बाबा, तुम्ही बसा हो, आम्ही करतो ना!" सदऱ्याची बटणं सून लावून देते, चहाची बशी नातू धरतो, बाजाराची पिशवी मुलगा घेतो. यात माया असते, वेळही वाचतो. पण बटण लावणं हा ज्या हाताचा उरलेला शेवटचा व्यायाम, तोही सुटतो आणि स्नायू आणखी आखडतात.

मुळात हा आजार ओळखू येण्यातच अडचण. पावलं आखूड झाली, आवाज बसला, चेहऱ्यावरचे भाव पुसट झाले, तर घरचे म्हणतात, वय झालं. मुंबईच्या पारशी वसाहतींमध्ये भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन पाहणी केली तेव्हा १४,०१० माणसांत कंपवाताचे ४६ रुग्ण आढळले, म्हणजे लाखाला सुमारे ३२८. १९८८ साली ती आकडेवारी प्रसिद्ध झाली. या समाजात म्हाताऱ्या माणसांचं प्रमाण जास्त, म्हणून आकडा मोठा. पण कुणी दार वाजवून विचारलं नसतं तर यातले सगळे दवाखान्यापर्यंत पोचले असते का, याची शंकाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक लोक या आजारासह जगत होते.

'तुम्ही बसा' म्हणायची ही रीत पुण्यात बदलू लागली ती मात्र दवाखान्याच्या बाहेर. एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मधुसूदन शेंडे आणि शरच्चंद्र पटवर्धन यांच्या पुढाकाराने पार्किन्सन्स मित्रमंडळ उभं राहिलं. नावातच मित्र आणि मंडळ, म्हणजे पुणेकरांना काही वेगळं शिकवायची गरजच पडली नाही. इथे रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर. सभा भरतात, डॉक्टरांची व्याख्यानं होतात, सहली निघतात, शुभार्थींच्या घरी कार्यकर्ते भेटायला जातात, आणि पार्किन्सनच्या जन्मदिवसाच्या, म्हणजे ११ एप्रिलच्या, सुमारास मेळावा होतो. मुंबईत डॉ. भीमसेन सिंघल यांनी २००१ साली 'पीडीएमडीएस' ही संस्था सुरू केली. तिने फिजिओथेरपी, वाचा-उपचार आणि समुपदेशन एकत्र बांधून आधारगटांचं जाळं विणलं.

या सभांचा पहिला फायदा साधा आहे. बाहेर पडायचं तर कपडे करावे लागतात. कंपवाताचा माणूस लोकांत जायला लाजतो. हात थरथरतो, बशी खडखडते, लाळ गळेल अशी धास्ती असते. जिथे सगळ्यांचेच हात थरथरतात तिथे कुणी कुणाकडे वळून पाहत नाही.

मग पुण्यात नाच आला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने तिथल्या पार्किन्सन गटाच्या आग्रहावरून २००१ साली कंपवाताच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला होता. कथक शिकलेले आणि जर्मनीत समकालीन नृत्याचं शिक्षण घेतलेले पुण्याचे हृषीकेश पवार यांनी मित्रमंडळातल्या शुभार्थींना घेऊन तसाच वर्ग चालवला. ज्यांनी आयुष्यात गणपतीच्या मिरवणुकीतसुद्धा पाय हलवला नसेल अशी साठी-सत्तरीची माणसं स्टुडिओत येऊन हात फिरवू लागली. हे शोभेचं काम नव्हतं. कंपवातात मेंदूची आतून हालचाल सुरू करून देणारी यंत्रणा मंदावते, पण बाहेरून ताल मिळाला, डोळ्यांसमोर रेघ आली किंवा कुणी 'एक, दोन, तीन' म्हटलं, की मेंदू दुसऱ्या वाटेने तीच हालचाल घडवून आणतो. नाचाच्या वर्गात ताल, नजर आणि शेजारी पाऊल टाकणारा माणूस या तिन्ही गोष्टी एकदम मिळतात.

व्यायामाच्या बाजूने भक्कम वैद्यकीय पुरावा गोळा व्हायला मात्र वेळ लागला. १९९४ साली अमेरिकेत सोळा रुग्णांवर झालेला प्रयोग त्या दृष्टीने फार बोलका आहे. चार आठवडे नियमित व्यायाम करून घेतला, सुधारणा दिसली. सहा महिन्यांनी पाहिलं तर माणसं पुन्हा होती तिथेच, कारण घरी गेल्यावर व्यायाम सुटला होता. पुढे २०१२ साली ताय-ची या चिनी व्यायामाचा १९५ रुग्णांवर अभ्यास झाला आणि ताय-ची करणाऱ्यांचा तोल सुधारला, पडण्याचं प्रमाण कमी झालं. २०१८ साली अमेरिकेतल्या १२८ नव्या रुग्णांपैकी काहींना ट्रेडमिलवर इतकं जोरात चालवलं की हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत जावेत. सहा महिन्यांनी त्यांची लक्षणं, काहीच व्यायाम न दिलेल्या गटाच्या तुलनेत, फारशी वाढलेली नव्हती. २०१९ साली नेदरलँड्समध्ये १३० जणांपैकी निम्म्यांना घरच्या घरी सायकल मारायला लावून असाच निष्कर्ष आला. आजार बरा होतो असं यातल्या कुणी म्हटलेलं नाही.

याच डच गटाने, म्हणजे नायमेखनच्या बास ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २०१० साली एका रुग्णाची गोष्ट प्रसिद्ध केली होती. माणूस ५८ वर्षांचा, आजार दहा वर्षांचा. चार पावलं चालताना पाय जमिनीला चिकटायचे आणि तो कोसळायचा. सायकलवर बसवल्यावर मात्र सरळ निघून गेला, वळला, परत आला. एके काळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात ही गोष्ट आजोबांना सांगितली तर ते लगेच जुनी सायकल शोधायला निघतील. त्यांना थांबवायला हवं, कारण चढता-उतरतानाच घात होतो आणि रहदारी कुणाला ओळखत नाही. जागेवर उभी असलेली व्यायामाची सायकल बरी.

पाय चिकटण्यावर पुण्यात वाढलेल्या मिलेहा सोनेजी या तरुणीने वेगळ्याच प्रकारे विचार केला. ती नेदरलँड्सच्या डेल्फ्ट इथे डिझाइन शिकत होती. कंपवात झालेल्या तिच्या काकांना सपाट फरशीवर चालता येत नसे, पण जिना ते भराभर उतरत. तिने जमिनीवर पायऱ्यांचं असं चित्र अंथरलं की सपाट फरशी जिन्यासारखी भासावी. काका त्यावरून न अडता चालत गेले. २०१५ साली टेड-एक्सच्या व्यासपीठावरून तिने ते जगाला सांगितलं. यात वीज नाही, यंत्र नाही, आणि माणसाकडे नीट पाहण्याची पार्किन्सनच्या काळची सवय पुरेशी ठरली.

लवासाकडे या नजरेने पाहिलं तर चित्र थोडं गुंतागुंतीचं दिसतं. वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी हे गाव आखलं ते चालणाऱ्या माणसासाठी. अमेरिकेतल्या 'एचओके' या वास्तुसंस्थेने त्याचा आराखडा केला, आणि तिथल्या दासवे या भागात पाण्यालगत फिरायची प्रशस्त वाट झाली. इटलीतल्या पोर्तोफिनोची आठवण करून देणाऱ्या रंगीत इमारती उभ्या राहिल्या. 'आशियाना उत्सव' ही ज्येष्ठांसाठीची वसाहतही आली. पुढे २०१० साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं, वर्षभराने पहिल्या टप्प्याला परवानगी मिळाली, आणि २०१८ साली लवासा उभारणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जमिनी गेलेल्या गावकऱ्यांचा हिशेब हा आणखी वेगळा आणि मोठा विषय आहे.

हवा चांगली, वाट मोकळी, गाड्या कमी, म्हणजे फिरायला उत्तम जागा, असं जाहिरात सांगेल. पण १९९४ च्या त्या सोळा जणांना वाटेची उणीव नव्हती. उणीव होती रोज हाक मारणाऱ्याची. शनिवार-रविवारी पर्यटकांनी भरणाऱ्या आणि सोमवारी रिकाम्या होणाऱ्या गावात कंपवाताच्या माणसाला सोबत शोधावी लागते. तज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि मित्रमंडळ घाटापलीकडे पुण्यात, पन्नास-साठ किलोमीटरवर. गोळीचा असर चढण्या-उतरण्याच्या हिशेबात हा प्रवास बसवायचा तर निघायची वेळ रात्रीच ठरवून ठेवावी लागते, आणि पावसाळ्यात घाटात दरड आली की तोही बेत मोडतो.

२०२० च्या टाळेबंदीने आधारगटांना पडद्यावर ढकललं. जी ज्येष्ठ मंडळी फोनवर फोटोसुद्धा उघडत नव्हती, ती नातवंडांकडून झूम शिकली. घरबसल्या वर्ग करायचा तर खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, सतरंजी काढून टाकायची म्हणजे पाय अडकणार नाही, आणि शुभंकराने हाताच्या अंतरावर उभं राहायचं, पण आधार लगेच द्यायचा नाही. हे शेवटचं घरच्यांना सर्वांत जड जातं. पडद्यामुळे लवासाचे, साताऱ्याचे आणि परदेशी मुलाकडे राहायला गेलेले आजोबा एकाच वर्गात येऊ शकतात. आयोजकांना मात्र वेगळाच पेच सुटत नाही: वर्गाची वेळ एकच असते आणि प्रत्येकाची गोळी वेगळ्या वेळी लागू होते, त्यामुळे सकाळी अकराला कुणी जोरात हात फिरवत असतो, तर कुणी खुर्चीत बसून आपली गोळी चढायची वाट पाहत असतो.