आण्याचे सव्वासहा पैसे

कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती विठ्ठलवाडीला. तिथल्या बाजारात इलेक्ट्रॉनिक काटा ०.२५० दाखवतो आणि भाजीवाला 'पावकिलो' म्हणतो. ०.७५० ला तो 'पाऊण' म्हणतो, ०.१२५ ला 'अदपाव'. दशांश अपूर्णांकाचे अतिसंक्षिप्त रूप तो असे तोंडीच देत असतो. वर्गात मात्र हेच गणित म्हणजे नुसती काटाकाटी वाटते. या काटाकाटीमागे व्यवहाराचा मोठा इतिहास आहे. त्यातील दोन प्रसंग आपण पाहू.

पहिला प्रसंग भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तला (इ. स. ११५०). ग्रंथाच्या आरंभीच नाण्यांचे कोष्टक आहे: २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म. पुढे एका उदाहरणात एक कंजूष माणूस याचकाला दान देतो. अर्ध्या द्रम्माचे दोन तृतीयांश, त्याचे तीन चतुर्थांश, त्याचा पाचवा भाग, त्याचा सोळावा भाग आणि त्याचाही चौथा भाग! गुणाकार केला की ६/७६८० येतात. एवढ्यावरून काहीच बोध होत नाही. सहाने भाग दिला की १/१२८० उरतो, आणि द्रम्माच्या कवड्या बरोबर १२८० होतात. म्हणजे दान एका कवडीचे! संक्षेप केल्यावरच कंजूषपणा उघड होतो.

दुसरा प्रसंग स्वतंत्र भारतातला. पूर्वी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै होत. १९५५ साली नाणे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. आणा म्हणजे १/१६ रुपया, दशांशात ०.०६२५, म्हणजेच सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैशाचे नाणे नव्हते. म्हणून अर्धा किंवा त्याहून कमी पैसा सोडायचा आणि अर्ध्याहून अधिक असल्यास पूर्ण धरायचा, असा नियम ठरला. एका आण्याचे ६ पैसे, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५ झाले.

आता उलट जाऊ. ०.०६२५ = ६२५/१००००. अंश व छेद यांना ६२५ ने भागले की १/१६ परत मिळतो. पण ०.०६ = ६/१०० = ३/५०. दोहोंतला फरक १/४०० रुपया, म्हणजे पाव पैसा. फरक क्षुल्लक दिसतो. पण आण्याची वस्तू सोळा गिऱ्हाइकांना ६ पैशांप्रमाणे विकणाऱ्याला रुपयाऐवजी ९६ पैसेच मिळणार. उलट तीन आण्यांच्या खरेदीत पाव पैसा गिऱ्हाइकाच्या खिशातून जाणार.

आणा निदान दशांशात संपतो, कारण १६ चा मूळ अवयव फक्त २ आहे. अतिसंक्षिप्त रूपाच्या छेदात २ आणि ५ यांखेरीज मूळ अवयव नसेल, तरच दशांश संपतो. पै म्हणजे १/१९२ रुपया, आणि १९२ = ६४ × ३. हा ३ दशांशाला संपू देत नाही. एक रुपया तिघांत वाटायचा, तर जुन्या कोष्टकाप्रमाणे प्रत्येकी ५ आणे ४ पै बरोबर येतात. नव्यात प्रत्येकी ३३ पैसे देऊन एक पैसा उरतोच. ०.३३ म्हणजे ३३/१००, १/३ नव्हे. १/३ हवा असेल तर ०.३३३… हा आवर्ती दशांशच घ्यावा लागतो. त्याची दहापट ३.३३३…, वजाबाकी केली की नऊपट ३ येते, म्हणून तो ३/९, अर्थात १/३.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून १ ते १५ आण्यांचे नव्या पैशांत कोष्टक करून घ्यावे. मग प्रत्येक उत्तर शंभर छेदाने लिहून संक्षिप्त करावे आणि मूळचा सोळांश परत येतो का, ते पाहावे. तो फक्त चार, आठ आणि बारा आण्यांना येईल. २५ पैशांचे नाणे २०११ साली चलनातून गेले, तरी 'चार आणे' आणि 'आठ आणे' हे शब्द बोलण्यात टिकून आहेत. ते नव्या पैशांत नेमके का बसले, हे विद्यार्थ्यांना या कोष्टकावरून स्वतःच सांगता येईल.