आकडा बरोबर, तरी रक्त थांबेना

प्लेटलेट्स हा शब्द आपल्या घराघरांत पोचला तो डेंग्यूमुळे. रिपोर्ट आला की पहिला प्रश्न, "किती आहेत?" पण आकडा चांगला असूनही रक्त थांबत नसेल तर?

१९२४ साली हेलसिंकीत डॉ. एरिक फॉन विलेब्रांड यांच्यापुढे हेच कोडं आलं. बाल्टिक समुद्रातल्या ओलांड बेटांवरून पाच वर्षांची एक मुलगी त्यांच्याकडे आणली होती. तिच्या काही बहिणी लहानपणीच रक्तस्रावाने गेलेल्या. हिमोफिलिया म्हणावा तर तो बहुतेक मुलग्यांना होतो, सांध्यांत रक्त साचतं. इथे बायकाही आजारी, आणि रक्त नाकातून, हिरड्यांतून. डॉक्टरांनी घराण्यातल्या ६६ जणांची माहिती जमवली, त्यात २३ जणांना हा त्रास निघाला. १९२६ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. प्लेटलेट्सची संख्या ठीक, म्हणजे त्यांच्या कामातच खोट असणार, असा त्यांचा संशय.

गंमत म्हणजे प्लेटलेट्स निर्दोष होत्या! १९५०च्या दशकात स्वीडनमध्ये इंगा मारी निल्सन, मार्गारेटा ब्लोमबेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की निरोगी माणसाच्या प्लाझ्मातला अंश दिला की अशा रुग्णांचं रक्त थांबतं. कमतरता होती प्लाझ्मातल्या एका प्रथिनाची.

ते करतं काय? नदीचं पाणी काठाशी संथ आणि मध्ये जोरात असतं ना, तसंच रक्ताचं. वेगातल्या या फरकाचा ताण बारीक धमन्यांत फार असतो. फाटलेल्या जागी प्लेटलेट चिकटायला जावी तर धार तिला वाहून नेते. हे प्रथिन एरवी लोकरीच्या गुंड्यासारखं गुंडाळलेलं असतं. जखमेला त्याचं एक टोक अडकलं की तीच धार त्याला ओढून उलगडते, आणि आतल्या पकडी उघड्या पडतात. प्लेटलेट्स तिथे अडकतात. हे उलगडणं २००७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहता आलं. म्हणजे जी धार गुठळी वाहून नेणार, तीच गुठळी धरायला मदत करते!

ताण अति झाला तर मात्र उलटंच. १९५८ साली अमेरिकेतल्या एडवर्ड हाइड यांनी कळवलं होतं की हृदयाची महाधमनीची झडप अरुंद झालेल्या काही वृद्धांना आतड्यातून रक्तस्राव होतो. कारण पुढे उमगलं. अरुंद झडपेतल्या जोरदार धारेत हे धागे उलगडतात आणि रक्तातलं एक एन्झाइम त्यांचे तुकडे करतं. झडप बदलली की रक्तस्राव बहुधा थांबतो.

ती ओलांडची मुलगी मात्र ऐन तेराव्या-चौदाव्या वर्षी, चौथ्याच पाळीत गेली. आजाराला नाव लागलं डॉक्टरांचं.

आज यावर औषधं आहेत. म्हणून घरातल्या बायकांना एवढंच सांगणं: पहिल्या पाळीपासून रक्त फार जात असेल, नाकातून वारंवार येत असेल, तर "आमच्याकडे सगळ्यांचं असंच" म्हणून सोडून देऊ नका. त्या बेटावरही सगळ्यांचं असंच होतं.